‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ दुरुस्त करून मिळणेबाबत

प्रति,
मा. गृहशिक्षण नोंदणी अधिकारी,
गृहशिक्षण कक्ष, शिक्षण कार्यालय,
दुसरा मजला, खोली क्रमांक १४
(दारावर अजून ‘जुने सामान’ अशी पाटी असलेली)

विषय: दोन सख्ख्या बहिणींच्या घरच्या अभ्यासासंबंधी ‘स्वतंत्र’ या शब्दाचा कार्यालयाने लावलेला अर्थ दुरुस्त होऊन, दि. २४ ची तोंडी चाचणी दोघींची एकत्र घेतली जाणेबाबत.

संदर्भ:
१) अर्जदाराचा सहामाही अहवाल, दि. ३ मार्च (एक वाक्य).
२) आपले पत्र, दि. १९ मार्च (चार पाने).
३) आपले पत्र, दि. ३० एप्रिल (सहा पाने).
४) आपली नोटीस, दि. ८ जून.
५) अर्जदाराचा याच विषयावरचा अर्ज, दि. ११ जून, शेऱ्यासह परत.

महोदय,

१. संदर्भ क्र. ५ चा अर्ज ‘अर्जात “मी” हा शब्द एकेचाळीस वेळा आला असून अर्ज फारच व्यक्तिगत वाटतो. “अर्जदार” असा उल्लेख करून फेरसादर करावा’ असा शेरा घेऊन परत आला. शेरा शिरोधार्य आहे. या अर्जातून ‘मी’ला रजा दिली आहे. अर्जदार म्हणजे दातांच्या कवळ्या करणारी एक बाई, वय अडतीस, दोन मुलींची आई. मुलींचे वडील हयात नाहीत. त्याचा दाखला दोन्ही फायलींना एकेक प्रत असा जोडलेला आहे. मुलींची नावे आपल्या दप्तरी दोन निरनिराळ्या फायलींत आहेत, आणि त्या फायली निरनिराळ्या कशा झाल्या हेच या अर्जाचे रडगाणे आहे. म्हणून येथे त्यांना घरच्याप्रमाणे थोरली (वय बारा) आणि धाकटी (वय नऊ) असेच म्हटले आहे.

२. घरात धाकटीची टकळी सकाळी जी सुरू होते ती डोळा लागेपर्यंत चालते. शाळेत मात्र दोन वर्षांत तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही. वर्गात अठ्ठावन्न मुले होती आणि बाई नाव पुकारून हजेरी घेत. ज्याचा आवाज येईल तो हजर, न येईल तो गैरहजर, अशी सरळ रीत. धाकटी दुसऱ्या बाकावर, वेणी घालून, पेन्सिलीला टोक काढून बसलेली असे आणि पटावर तिच्यापुढे रोज ‘गै’ पडे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस एकशे ब्याण्णव दिवसांपैकी एकशे ब्याण्णव दिवस गैरहजर, म्हणून तिचे नाव पटावरून कमी झाले. तसे कळवणारी चिठ्ठी तिनेच शाळेतून दप्तरात घालून घरी आणली. बाईंवर अर्जदाराचा राग नाही. अठ्ठावन्न तोंडांकडे बघत बसायला त्यांना वेळ कुठून मिळणार? अर्जदारालाही एका वेळी एकच तोंड सांभाळता येते, तेही प्लॅस्टरचे.

डॉक्टरांनी घसा, कान, जीभ सगळे तपासले. सगळे ठाकठीक. त्यांचे म्हणणे असे पडले की, “कुणी उत्तर मागितलं की हिचं दार बंद होतं. ढकलू नका. ज्याच्यापाशी उघडतं, त्याच्यापाशी उघडू द्या.” आता ते उघडते फक्त थोरलीपाशी. अर्जदाराशी धाकटी मांजर, पाऊस, शेजारणीची मोडकी छत्री अशा कोणत्याही विषयावर तासभर बोलेल, पण “सात आणि आठ किती गं?” असे विचारले की तोंडाला कुलूप. तेच थोरलीने विचारावे, तर तिच्या कानाशी तोंड नेऊन हळूच सांगते. म्हणून अर्जदाराने दोघींनाही शाळेतून काढून घरी शिकवायचे ठरवले. थोरली शाळेत बरी चालली होती, आणि तिचा दाखला देताना मुख्याध्यापक दोनदा “विचार करा, बाई” म्हणाले होते, हेही नमूद करणे भाग आहे. विचार करायला त्या दिवशी वेळ नव्हता. दुपारी तीन कवळ्या द्यायच्या होत्या.

३. आपल्या नोंदणी फॉर्मातील रकाना क्र. ९ असा आहे: ‘पालक पूर्णवेळ शिकवू शकतात काय? नसल्यास, मूल स्वतंत्रपणे पूर्ण करू शकेल असा अभ्यासक्रम निवडला आहे काय?’ अर्जदाराने पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ आणि दुसऱ्याला ‘शोधत आहे’ असे लिहिले. खोटे कशाला लिहा?

अर्जदाराचे काम घरातच, पुढच्या खोलीत चालते. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडांची मापे येतात. त्यावरून साचा, साच्यावर मेण, मेणात एकेक दात. मग गुलाबी भुकटीत औषध कालवून हिरड्यांची कणीक करायची आणि ती साच्यात दाबायची. ही कणीक पाच मिनिटे ऐकते. सहाव्या मिनिटाला दगड होते. आणि “आई, हे कसं करायचं?” ही हाक नेमकी तिसऱ्या मिनिटाला येते. अपूर्णांकांच्या आठवड्यात एका भाषणे करणाऱ्या गृहस्थांच्या कवळीत डावीकडचा सुळा उजवीकडे बसला. ते तीन दिवस सभांतून शिट्टी वाजवत बोलले आणि चौथ्या दिवशी कवळी रुमालात बांधून अर्जदाराच्या टेबलावर ठेवून गेले. काही बोलले नाहीत, बोलायला कवळी हवी होती. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. अर्जदाराचे भरते, पण लक्ष ठिकाणावर लागते.

४. तेव्हा मुलींना आपला आपण करता येईल असा अभ्यासक्रम शोधणे सुरू झाले. असा अभ्यासक्रम मिळणे म्हणजे काय प्रकरण आहे, हे आपल्या कक्षाला ठाऊक असेलच; नसल्यास पुढील अनुभव उपयोगी पडावा.

पहिला अभ्यासक्रम खोक्यातून आला. खोके उचलायला शेजारच्या रंगाऱ्याला हाक मारावी लागली. मुलांचे पुस्तक बोटभर जाड आणि पालकांचे पुस्तक वीतभर. प्रत्येक पानावर ‘आता आपल्या पाल्याशी मोकळेपणाने चर्चा करा’. खोक्यावर मात्र ‘मुले स्वतः शिकतील!’ असे लिहिले होते. मुले स्वतः शिकतील हे खरे असेल, पण ती शिकत असताना आईने नोकरी सोडावी, हे खोक्यावर लिहायचे राहून गेले होते. दुसरा अभ्यासक्रम पडद्यावरचा. त्यात एक घुबड टाळ्या वाजवत असे. तीनदा चूक उत्तर दाबले की घुबड स्वतःच बरोबर उत्तर सांगते, हा शोध धाकटीला पहिल्याच दिवशी लागला. अकराव्या दिवशी दोघींनी वर्षाचा अभ्यास संपवला आणि घुबडाने दोघींना प्रमाणपत्रे दिली. तिसऱ्यात मागच्या पानावर उत्तरे होती. त्याविषयी अधिक लिहीत नाही. चौथा निसर्गाच्या सान्निध्यातला. पाठ पहिला, ‘जवळच्या ओढ्यापाशी जा आणि आईला विचारा’. ओढा नव्हता, आणि आई कणीक दाबत होती. एक ना धड, भाराभर चिंध्या, अशी कपाटाची स्थिती झाली.

पाचवा मिळाला तो योगायोगाने. एका निवृत्त गुरुजींची खालची कवळी अर्जदाराकडे होती. ती घ्यायला आले तेव्हा घरातली खोकी बघून ते म्हणाले, “बाई, मुलाला सांगायचं ते मुलाच्या पुस्तकात लिहावं लागतं. आईच्या पुस्तकात लिहून काय उपयोग?” दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः तयार केलेल्या करड्या कव्हरच्या वह्या आणून दिल्या. चित्र नाही, घुबड नाही. एका पानाला एक पाठ, त्यावर क्रमांक, आणि तीन शब्द: वाच, कर, तपास. बस्स.

या वह्या सुरू झाल्यापासून मागच्या खोलीतून हाक आली नाही. पहिल्या आठवड्यात अर्जदार दोनदा उठून दाराशी जाऊन बघून आली. दोन डोकी वहीवर वाकलेली, पेन्सिली चालू. दुसऱ्या आठवड्यापासून बघणेही सोडले. पाच महिन्यांत एकही सुळा जागा चुकला नाही. अर्जदाराला इतके हलके वाटले की सहामाही अहवालात तिने हौसेने एकच वाक्य लिहिले: ‘दोन्ही मुली स्वतंत्र अभ्यास करतात.’ घोडे पेंड खाते ते येथे.

५. अर्जदाराच्या मनात ‘स्वतंत्र’ म्हणजे कुणाच्या मदतीवाचून, आपले आपण. रकाना ९ मधला शब्दही त्याच अर्थाचा समजून तिने तो जसाच्या तसा उचलला. पण आपल्या कार्यालयात ‘स्वतंत्र’ म्हणजे वेगवेगळे, जसे स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र पाकीट, स्वतंत्र रजिस्टर. त्यामुळे दि. १९ मार्चच्या पत्रात असे आले की, ज्याअर्थी दोन्ही मुली स्वतंत्र अभ्यास करतात, त्याअर्थी दोघींच्या स्वतंत्र फायली, स्वतंत्र फॉर्म, स्वतंत्र टेबल व स्वतंत्र खोली असणे आवश्यक आहे. अर्जदाराच्या घरात स्वयंपाकघर सोडून दोन खोल्या. एकीत कवळ्या, दुसरीत माणसे. अर्जदाराने फायली वेगळ्या केल्या, फॉर्म वेगळे भरून दिले, आणि खोलीच्या मधोमध पडदा लावला.

एप्रिलमध्ये तपासनीस आले. माणूस सज्जन. पायताण बाहेर काढून, टेप घेऊन, खोलीची लांबी-रुंदी मोजली आणि ‘पडदा ही भिंत नव्हे’ असे लिहिले. अर्जदाराने पडदा काढून मध्ये कपाट आडवे सरकवले. पुढच्या खेपेला त्यांनी ‘कपाट हे फर्निचर आहे’ असे लिहिले, आणि वाकून खाली बघितल्यावर आणखी एक ओळ जोडली: ‘कपाटाखालून संपर्क आढळला.’ धाकटीने पलीकडून पाय लांब करून थोरलीच्या पायाला लावून ठेवला होता. जाताना तपासनीस दारात थांबून म्हणाले, “मला दिसतंय हो सगळं. पण माझ्या फॉर्मात पायाला रकाना नाही.”

६. दि. ३० एप्रिलच्या पत्रात दोन फायलींना एकच पालक चालणार नाही असे आले. थोरलीच्या फायलीवर अर्जदाराचे नाव आधी पडल्यामुळे ती थोरलीची पालक. धाकटीसाठी स्वतंत्र पालक द्यावा. आईला आई म्हणून नेमायला फायलीत जागा उरली नाही, अशी ही गत. अर्जदाराने नाइलाजाने मुलींच्या मावशीचे नाव दिले. मावशी भली बाई, बेकरीत पहाटेची पाळी करते, तिने “लिही बाई माझं नाव, माझं काय जातंय” म्हटले. पण मावशीचा पत्ता वेगळा. त्यावर खिडकीतून विचारणा झाली की मूल पालकाच्या पत्त्यावर राहत नाही, हे कसे? शिवाय धाकटीच्या फायलीत थोरलीचा उल्लेख असू शकत नसल्याने ‘भावंडे’ या रकान्यात ‘निरंक’ लिहिले गेले, आणि मग त्याच खिडकीतून पुढची शंका निघाली की, भावंड नाही तर मुलीला सगळ्या कागदांत धाकटी का म्हटले आहे?

अर्जदाराने खिडकीवरच्या लिपिकांना हात जोडून सांगितले की सगळा घोळ एका शब्दाचा आहे. ते म्हणाले, “बाई, शब्द तुमचाच आहे. आम्ही काय पदरचा घातलाय?” अर्जदाराने विचारले, मग काय लिहायला हवे होते? ते म्हणाले, “आपलं आपण करतात, असं लिहायचं.” तो शब्द फॉर्मात चालतो का, असे विचारल्यावर त्यांनी जरा विचार करून “नाही चालत” असे सांगितले आणि चहाला गेले. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण अर्जदाराच्या धंद्यात रोज ऐकू येते. तिचा अर्थ त्या दिवशी नीट कळला.

७. येथवर सगळे सोसण्यासारखे होते. माणूस कपाट सरकवतो, फॉर्म भरतो, खिडकीपुढे उभा राहतो. पण दि. ८ जूनच्या नोटिशीप्रमाणे दि. २४ रोजी सकाळी अकरा वाजता दोघींची स्वतंत्र तोंडी चाचणी आहे. थोरली खोली क्र. १४ मध्ये आणि धाकटी खोली क्र. १७ मध्ये, पालक व इतर कोणीही सोबत नको. जे मूल उत्तर देणार नाही त्याचा अभ्यास झाला नाही असे समजून नोंदणी रद्द होईल, आणि अशा मुलास विभागाच्या निवासी शाळेत दाखल केले जाईल. ती शाळा बसने सात तासांवर आहे.

महोदय, धाकटी खोली क्र. १७ मध्ये उत्तर देणार नाही. तिला येत असले तरी देणार नाही. ती हात मांडीवर ठेवून खुर्चीत ताठ बसेल आणि समोरच्या साहेबांना वाटेल की मुलीला काही येत नाही, किंवा मुलगी उद्धट आहे. मग सात तासांवरच्या एका लांबलचक खोलीत तिला एक खाट मिळेल आणि तिथे तिची टकळी कुणालाच ऐकू येणार नाही. अर्जदाराला भीती वाटते. हे वाक्य व्यक्तिगत स्वरूपाचे आहे याची तिला जाणीव आहे. ते तसेच राहू द्यावे.

८. सबब, दाती तृण धरून विनंती की:

(अ) संदर्भ क्र. १ मधील ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ ‘कुणाच्या मदतीवाचून, आपले आपण’ असा वाचावा;

(ब) दोन्ही फायली पुन्हा एकत्र बांधाव्यात, आणि धाकटीच्या आईची जागा अर्जदारास परत मिळावी;

(क) दि. २४ ची चाचणी दोघींची एका खोलीत घ्यावी. धाकटी उत्तर थोरलीच्या कानात सांगेल, थोरली ते मोठ्याने सांगेल.

९. येथपर्यंतचा मजकूर सोमवारी लिहून झाला होता आणि अर्ज संपला होता. मंगळवारी सोबतची कागदपत्रे लावायला बसल्यावर एप्रिलमध्ये भरलेल्या स्वतंत्र फॉर्मांच्या प्रती हाती आल्या. त्या फॉर्मात शेवटी रकाना क्र. १४ आहे: ‘विद्यार्थ्याचे स्वतःचे म्हणणे (स्वहस्ते)’. धाकटीच्या फॉर्मात तेथे मांजराचे चित्र आहे. थोरलीच्या फॉर्मातला मजकूर पुढीलप्रमाणे, जसाच्या तसा:

“मला शाळेत जायला आवडेल. एकटीला. धाकटीचा अभ्यास मी घेते. गुरुजींच्या वहीत लिहिलेलं तिला आधी मी माझ्या शब्दांत सांगते मग ती करते. मी उठले की ती थांबते म्हणून मी उठत नाही. माझा अभ्यास सकाळी ती उठायच्या आधी करते. पण माझी वही पाठ ६१ वर थांबली आहे कारण त्यातलं मला कळत नाही आणि विचारायला कोणी नाही. आईला हाक मारायची नाही असं आम्ही ठरवलंय. तुम्ही दोघींना स्वतंत्र करा म्हणालात ते मला बरं वाटलं. धाकटीला वाईट वाटेल ते मला माहीत आहे. हे आईला सांगू नये.”

त्याच्या खाली ‘वरील मजकूर वाचला व मान्य आहे’ असे छापलेले आहे आणि त्याखाली अर्जदाराची सही आहे.

सही अर्जदाराचीच आहे. बनावट वगैरे काही नाही. थोरलीने फॉर्म पुढे धरला तेव्हा चौथे मिनिट चालू होते. अर्जदाराने एका हाताने साचा दाबून धरून दुसऱ्या हाताने सही केली. सहीच्या शेपटाला लागलेले गुलाबी बोट प्रतीतही करड्या डागासारखे उमटले आहे.

१०. त्यामुळे आता पुढील खुलासा करणे अर्जदारास क्रमप्राप्त आहे. ‘दोन्ही मुली स्वतंत्र अभ्यास करतात’ हे वाक्य आपल्या अर्थाने चूक होते, तसे ते अर्जदाराच्या अर्थानेही चूक निघाले. धाकटी आपले आपण शिकत नव्हती. तिला थोरली शिकवत होती. आणि थोरली आपले आपण शिकत नव्हती. ती अडली होती. मागच्या खोलीत जी शांतता होती तिला अर्जदार वह्यांचा गुण समजत होती. गुरुजींच्या वह्यांना नाव ठेवायचे नाही, त्या चांगल्याच आहेत. पण मुले हाक मारीनाशी झाली म्हणजे त्यांना सगळे कळू लागले, असा सोयीचा हिशेब अर्जदाराने केला आणि तो सरकारी कागदावर लिहून दिला. चुकीची माहिती दिल्याबद्दल जी कारवाई व्हायची ती अर्जदारावर व्हावी, मुलींवर होऊ नये.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. आपल्या कार्यालयाने अर्जदाराला तीन महिने नाचवले. कपाट सरकवून तिची पाठ धरली. परंतु चुकीच्या कारणाने का होईना, आपण थोरलीला एक स्वतंत्र रकाना दिलात आणि तिचे म्हणणे विचारलेत. घरात तिच्यासाठी तसा रकाना नव्हता. धाकटीचे दार उघडावे म्हणून सगळे घर जपून पावले टाकत होते, आणि जी सगळ्यांत जपून पावले टाकत होती तिलाच कुणी काही विचारले नाही. अर्जदाराला याची लाज वाटते.

११. सबब परिच्छेद ८ मधील मागण्यांत पुढीलप्रमाणे बदल करण्यात येत आहे. कागद पुन्हा लिहायला त्राण नाही, म्हणून जुन्या मागण्या खोडल्या नाहीत. खोडल्या आहेत असे समजून वाचावे.

मागणी (अ) मागे घेतली आहे. थोरलीपुरता ‘स्वतंत्र’ या शब्दाचा आपल्या कार्यालयाने लावलेला अर्थच कायम ठेवावा. तिची फाईल वेगळीच राहू द्यावी आणि तिला या वर्षीच तिच्या जुन्या शाळेत, तिच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळावा, अशी शिफारस व्हावी. दि. २४ रोजी ती खोली क्र. १४ मध्ये एकटी बसेल. तिला पाठ ६१ व त्यापुढचे विचारू नये. विचारले आणि आले नाही, तर ती चूक तिची धरू नये.

मागणी (ब) धाकटीपुरती कायम आहे. मावशीला मोकळे करावे. तिला पहाटे कामावर जायचे असते. पालक म्हणून अर्जदाराचे नाव लावावे. तसेच रकाना ९ मधील पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ याऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे: ‘रोज सकाळी दहा ते एक. या वेळात कणीक कालवली जाणार नाही.’ दवाखान्यांना तसे कळवले आहे. दोन दवाखान्यांनी मापे पाठवणे थांबवले, एकाने “बघू” म्हटले आहे. तो प्रश्न अर्जदाराचा आहे, त्यासाठी हा अर्ज नाही.

मागणी (क) मध्ये थोरलीच्या जागी अर्जदार असे वाचावे. खोली क्र. १७ मध्ये धाकटीच्या शेजारी अर्जदार बसेल. उत्तर ती अर्जदाराच्या कानात सांगेल आणि अर्जदार ते शब्द न बदलता मोठ्याने सांगेल, चूक असले तरी. ती सांगेलच अशी खात्री आज देता येत नाही. कालपासून तयारी सुरू आहे. काल तीन तास दोघी शेजारी बसलो, ती वहीकडे बघत राहिली आणि अर्जदार तिच्याकडे. (या वाक्यात ‘बसलो’ आले आहे, ते चालवून घ्यावे.) आज साडेअकराच्या सुमारास तिने खुर्ची जवळ ओढली, अर्जदाराचा कान धरला आणि “सत्तावीस” असे म्हणाली. उत्तर छत्तीस होते. अर्जदाराने तिला तसे लगेच सांगितले नाही, आधी “सत्तावीस” हेच शब्द न बदलता मोठ्याने सांगितले.

१२. शेवटची विनंती कार्यपद्धतीविषयी आहे. थोरलीने रकाना १४ आपल्या कार्यालयास उद्देशून लिहिला आणि आईला सांगू नये असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ती अट आपल्याकडून मोडली गेली नाही. प्रत अर्जदाराच्या हाती योगायोगाने पडली. अर्जदाराने ती वाचली हे तिला सांगितलेले नाही. धाकटीशेजारी आई का बसू लागली, असे तिने आज सकाळी विचारले, तेव्हा अर्जदाराने “कार्यालयाचा नियम आहे” असे उत्तर दिले. आपण इतके नियम काढलेत, त्यात हा एक आपल्या नावावर जमा धरावा.

म्हणून शाळेच्या प्रवेशाचे पत्र कृपया अर्जदारास पाठवू नये. ते थोरलीच्या नावाने, तिचे पूर्ण नाव घालून, स्वतंत्र पाकिटात पाठवावे. तिने मागितले ते तिला मिळाले, आणि ते आपल्याकडून मिळाले, असेच तिला वाटावे.

तसदीबद्दल क्षमस्व.

आपली नम्र, आणि या वर्षात पाचव्यांदा नम्र,

(सही)
अर्जदार
दोघींची आई

दिनांक: १७ जून

सोबत:
१) नोटिशीची प्रत.
२) डॉक्टरांचे पत्र.
३) गुरुजींच्या वहीचे एक पान, नमुन्यादाखल.
४) मावशीचे संमतिपत्र, रद्द समजावे.
५) थोरलीच्या फॉर्मातील रकाना क्र. १४ ची प्रत. वरील मजकूर वाचला व मान्य आहे.